डबल क्लिक करू का रे?

गेल्या शनिवारी सकाळी, आठवडाभराची झोप वसूल करत असताना, सांगलीहून बाबांचा फोन आला. माळा आवरताना त्यांना एक सीडी सापडली होती. तिच्यावर माझ्या अक्षरात मार्करने लिहिलेलं होतं, 'दिवाळी २००४'. शेजारच्या मुलाकडून त्यांनी सीडी वाचायचा यूएसबी ड्राइव्ह मागून आणला, कॉम्प्युटरला जोडला, आणि आत एकच फाइल निघाली. दिवाळी डॉट ईएक्सई.

"अरे, तुला मेल करायला गेलो तर जीमेल घेतच नाहीये. सुरक्षेच्या कारणास्तव म्हणे. तूच केलेली फाइल, तिच्यात कसली आलीय सुरक्षा? डबल क्लिक करू का रे?"

मी ताडकन उठून बसलो. "बाबा, थांबा! हात लावू नका तिला."

"अरे, पण तूच तर शिकवलं होतंस. डबल क्लिक केलं की आपोआप उघडतं म्हणून!"

खरं होतं. मीच शिकवलं होतं. त्या दिवाळीत मित्राचा दोन मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा मागून आणला होता आणि घरभर फोटो काढत सुटलो होतो. पुण्याला परतल्यावर ते सगळे झिप केले. पण बाबांच्या विंडोज ९८ वर विनझिप नव्हतं, आणि फोनवरून ते इन्स्टॉल करायला सांगणं म्हणजे शिक्षाच (कुणाला ते विचारू नका). म्हणून मी झिपची 'सेल्फ-एक्स्ट्रॅक्टिंग' फाइल केली, म्हणजे स्वतःच स्वतःला उघडणारी. खोलीजवळच्या एका सायबर कॅफेत जाऊन सीडी जाळली आणि कुरिअरने पाठवून दिली. जेपीजी मुळातच आवळलेली असते, झिप करून तिचा आकार फारसा कमी होत नाही, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. नुकताच इंजिनिअर झालो होतो ना!

पुढच्या वर्षी आजी गेली. त्याच्या पुढच्या वर्षी माझी हार्ड डिस्क गेली. म्हणजे आजीचे करंज्या करतानाचे फोटो जगात कुठे शिल्लक असतील तर त्या एका ईएक्सईत. आणि त्या कॅफेतल्या मशीन्सवर इतके व्हायरस नांदत होते की तिथे पेन ड्राइव्ह लावताना आम्ही देवाचं नाव घ्यायचो. तिथल्या एखाद्या व्हायरसने माझ्या ईएक्सईत घर केलं असेल तर?

बाबांना म्हटलं, "मला अर्धा तास द्या." तेवढ्यात चहा झाला, आणि या 'आपोआप उघडणाऱ्या' फाइल्स आल्या कुठून हे सगळं पुन्हा आठवून झालं. गोष्ट मोठी मजेशीर आहे आणि शेवटी थोडी उदास करणारीही. बाबांच्या प्रश्नाचं उत्तरही तिच्यातच आहे.

सुरुवात १९७७ आणि १९७८ सालातल्या दोन शोधनिबंधांपासून. इस्रायलमधल्या हैफाच्या टेक्निऑन या संस्थेतले अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांचे. (दोघंही २०२३ साली, दोन महिन्यांच्या आत, गेले.) त्यांची पहिली कल्पना फार साधी आहे. आरतीच्या पुस्तकात धृपद एकदाच पूर्ण छापतात, पुढच्या कडव्यांनंतर नुसतं ॥ धृ ॥. वाचणाऱ्याला कळतं की मागे जायचं आणि तेवढंच पुन्हा म्हणायचं. लेम्पेल-झिवचं तेच. जे एकदा येऊन गेलंय ते पुन्हा लिहू नका, 'इतकी अक्षरं मागे जा आणि तिथून इतकी उचल' एवढंच लिहा. झालं कॉम्प्रेशन!

आता अमेरिकेत या, ऐंशीच्या दशकात. इंटरनेट घरोघरी नव्हतं. लोक मोडेमने फोन लावून एकमेकांच्या बुलेटिन बोर्डांवरून फाइल्स उतरवायचे. २४०० बॉडचा मोडेम सेकंदाला साधारण २४० बाइट ओढायचा. ३०० केबीच्या फाइलला वीस-एकवीस मिनिटं, आणि बोर्ड दुसऱ्या शहरात असेल तर तेवढा वेळ ट्रंक कॉलचं मीटर चालू. फाइल निम्मी झाली की बिलही निम्मं. म्हणजे कॉम्प्रेशन ही हौस नव्हती, खिशाचा प्रश्न होता.

१९८५ साली थॉम हेंडरसन यांच्या सिस्टीम एन्हान्समेंट असोसिएट्स या छोट्या घरगुती कंपनीने 'आर्क' नावाचा प्रोग्रॅम आणला. अनेक फाइल्स एकत्र बांधायच्या आणि आवळायच्या, दोन्ही कामं एकाच वेळी. बुलेटिन बोर्डांवर तो बघता बघता पसरला. मग मिलवॉकी शहरातला फिल कॅट्झ नावाचा विशीतला पोरगा आला. त्याने आर्कचंच काम असेम्ब्ली भाषेत कितीतरी वेगाने करणारं 'पीकेआर्क' लिहिलं आणि १९८६ मध्ये 'पीकेवेअर' ही कंपनी काढली. पीके म्हणजे फिल कॅट्झ. लोक धडाधड त्याच्याकडे वळले.

१९८८ मध्ये हेंडरसन कोर्टात गेले. आर्कचा सोर्स कोड उघड वाटला जात होता, आणि तपासणीत दिसलं की पीकेआर्कमधल्या काही कॉमेंट्स आर्कशी जुळतात, अगदी स्पेलिंगच्या चुकांसकट! (कॉलेजात असाइनमेंट छापणाऱ्यांनी बोध घ्यावा.) त्याच वर्षी तडजोड झाली. कॅट्झने ६२,५०० डॉलर द्यायचे आणि आर्कशी जुळणारं सॉफ्टवेअर बंद करायचं. कायद्याच्या दृष्टीने हेंडरसन जिंकले. पण बुलेटिन बोर्डांवरच्या जनतेने कॅट्झलाच हीरो ठरवलं, आणि बड्या कंपनीने बिचाऱ्या पोराला चिरडलं अशी कथा पसरली. प्रत्यक्षात दोन्ही कंपन्या चिमुकल्याच होत्या.

कॅट्झने मग नवा फॉरमॅट बनवला. १९८९ च्या सुरुवातीला तो पीकेझिप या नावाने बाहेर आला. झिप हे नाव एका मित्राने सुचवलेलं. यावेळी कॅट्झने एक शहाणपणाची गोष्ट केली. फॉरमॅटची सगळी रचना एका कागदावर लिहून जाहीर करून टाकली. कुणीही झिप बनवा, कुणीही उघडा. आज तुमची डॉक्स, एक्सेलची एक्सएलएसएक्स, अँड्रॉइडची एपीके, ईपब पुस्तकं, सगळी आतून झिपच आहेत. यातली कुठलीही फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. सुरुवातीलाच दोन अक्षरं दिसतील, पी आणि के. एका माणसाची आद्याक्षरं अब्जावधी फाइल्सच्या कपाळावर कोरलेली आहेत.

पण एक अडचण उरलीच. समोरच्याकडे झिप उघडायचा प्रोग्रॅमच नसेल तर? खुद्द पीकेझिप कसं वाटायचं? ते झिप करून दिलं तर उघडायला पीकेझिप हवं. म्हणजे कोंबडी आधी की अंडं आधी!

यावरचा तोडगा म्हणजे सेल्फ-एक्स्ट्रॅक्टिंग फाइल. झिपच्या पुढे उघडण्याचं काम करणारा काही किलोबाइटचा छोटासा प्रोग्रॅम चिकटवायचा आणि फाइलचं नाव ईएक्सई करायचं. पीकेझिपसोबत झिप२ईएक्सई नावाचं एक साधन यायचं, ते हेच करायचं. १९९३ ची गाजलेली २.०४जी आवृत्ती पीकेझेड२०४जी डॉट ईएक्सई या नावाने अशीच वाटली गेली. दुसरीकडे जपानमधल्या हारुयासू योशिझाकी या डॉक्टरांच्या 'एलएचए'नेही ही सोय दिली होती. थोडक्यात काय, तर डब्यासोबत डबा उघडून देणारा माणूसही पाठवायचा.

कल्पना झकास आहे, वादच नाही. पण जरा थांबून विचार करा. डबा टेबलावर पडून असतो. माणूस मात्र घरात येतो. तो डबाच उघडेल आणि कपाट उघडणार नाही, याची खात्री कोण देणार?

चोरांना हे फार लवकर कळलं. बुलेटिन बोर्डांवर 'डर्टी डझन' नावाची घातक प्रोग्रॅम्सची यादी फिरत असे. तिच्यात आर्क५१३ डॉट ईएक्सई हे नाव आहे. दिसायला आर्कच, पण वापरला की डिस्कच्या पहिल्याच ट्रॅकवर वरवंटा. पुढे १९९५ मध्ये पीकेझेड३००बी डॉट ईएक्सई आली. नाव अगदी रीतसर, २०४ नंतर ३००. पण पीकेवेअरने अशी आवृत्ती काढलीच नव्हती. कंपनीने इशारा दिला. मग त्या इशाऱ्यालाच शेपट्या फुटल्या, ती फाइल मोडेमसुद्धा जाळते वगैरे, आणि तो मेल वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत राहिला. म्हणजे फाइल फिरली त्याहून तिची भीतीच जास्त फिरली. (व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काकांना हसण्याआधी हे लक्षात घ्या. आपला इंजिनिअर वर्ग हे आधीच करून बसलाय.)

पण खरा दणका जून १९९९ चा, एक्सप्लोरझिपचा. इस्रायलमध्ये प्रथम दिसला आणि काही दिवसांत जगभर गेला. त्याची रचना बघून आजही अंगावर काटा येतो. तुम्ही एखाद्या सहकाऱ्याला मेल केलाय. त्याच्या कॉम्प्युटरला बाधा झालेली आहे. थोड्याच वेळात तुमच्याच मेलला, तुमच्या नावाने, त्याच्या पत्त्यावरून उत्तर येतं. मेल मिळाला, सविस्तर उत्तर लवकरच देतो, तोवर सोबतची झिप केलेली कागदपत्रं बघून ठेव. सोबत झिप्ड_फाइल्स डॉट ईएक्सई. आयकॉन विनझिपच्या सेल्फ-एक्स्ट्रॅक्टरचा. विंडोज ओळखीच्या फाइल्सचं एक्स्टेन्शन मुळातच लपवतं, त्यामुळे फोल्डरमध्ये सेव्ह केलीत तर ईएक्सई हा शब्दही दिसत नाही. अनोळखी माणूस नाही, अनोळखी विषय नाही. संशय घ्यायचा तरी कशाचा?

डबल क्लिक केलं की एक एरर यायचा. फाइल उघडत नाही, बॅकअपचा भाग असेल तर संचातली शेवटची डिस्क घाला आणि पुन्हा प्रयत्न करा. ही 'शेवटची डिस्क' लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय. लोकांना वाटायचं, फाइल खराब आलीय, असो. तोवर मागे काम सुरू झालेलं असायचं. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटच्या फाइल्स आणि सी, सी++, असेम्ब्लीचे सोर्स कोड शोधायचे आणि त्यांची लांबी शून्य बाइट करून टाकायची. डिलीट नाही, शून्य. नाव जागेवर, आत काहीच नाही. रिसायकल बिनमध्येही काही सापडणार नाही. प्रोग्रॅमरच्या डोळ्यांनी हे वाचा, म्हणजे पोटात गोळा येतो.

त्याच वर्षाच्या शेवटी तोच किडा पुन्हा आला. यावेळी तो स्वतःच कॉम्प्रेस केलेला होता, म्हणून त्याला मिनीझिप म्हणत. आकार आणि बाइट बदलले, आणि जुन्या खुणेवरून ओळखणाऱ्या अँटिव्हायरसला तो ओळखू आला नाही. फोनचं बिल वाचवायला जन्मलेली विद्या आता वेश बदलायला वापरली जात होती.

फिल कॅट्झने हे सगळं पाहिलं की नाही कोण जाणे. तोवर तो दारूच्या पार आहारी गेला होता. १४ एप्रिल २००० रोजी मिलवॉकीतल्या एका हॉटेलच्या खोलीत तो मेलेला सापडला. वय ३७. ज्याची आद्याक्षरं जगातल्या बहुतेक प्रत्येक कॉम्प्युटरवर आहेत, तो माणूस असा एकटा गेला.

पण त्याच्या फॉरमॅटमध्ये एक गोष्ट अशी आहे, की तिच्यामुळे माझं काम त्या शनिवारी फुकटात झालं.

पुस्तकाची अनुक्रमणिका पुढे असते, झिपची सगळ्यात शेवटी. कोणती फाइल कुठे आहे याची पूर्ण यादी शेपटीला. कारण उघड आहे. लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला सगळं लिहून झाल्यावरच कळतं की काय कुठे पडलं. झिप अनेक फ्लॉप्यांवर पसरलेली असेल तर अनुक्रमणिका शेवटच्या फ्लॉपीवर. म्हणून पीकेअनझिप आधी शेवटची डिस्क मागायचं. एक्सप्लोरझिपच्या खोट्या एररमधली 'शेवटची डिस्क' इथून आली होती. चोराने घराच्या चालीरीतींचा अभ्यास केलेला होता!

आता ईएक्सई फाइल. ती एम आणि झेड या अक्षरांनी सुरू होते, मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्कींची आद्याक्षरं. विंडोज फाइल चालवताना पुढून वाचतं. झिप उघडणारा प्रोग्रॅम मागून वाचतो. म्हणून एकच फाइल एकाच वेळी दोन्ही असू शकते. पुढून बघितली तर प्रोग्रॅम, मागून बघितली तर साधी झिप. म्हणजेच सेल्फ-एक्स्ट्रॅक्टिंग फाइल उघडायला ती चालवावी लागतच नाही. दारात उभ्या माणसाला आत न घेता डबा तेवढा उचलून आणता येतो.

बाबांना फोन लावला. "आता सांगतो तसं करा. फाइल सीडीवरून डेस्कटॉपवर कॉपी करा. क्लिक नाही करायचं, ओढून आणा. व्ह्यूमध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. दिसलं डॉट ईएक्सई? आता त्या कॉपीवर राइट क्लिक, रीनेम. ईएक्सई खोडा, झिप लिहा."

"फाइल निकामी होईल म्हणतंय."

"म्हणू दे. येस करा."

"केलं."

"आता करा डबल क्लिक."

दोन सेकंद शांतता. मग, "अरे, यादी आली! त्रेचाळीस आहेत."

"सगळ्यांच्या पुढे जेपीजीच आहे ना? मध्येच एखादी ईएक्सई किंवा दुसरं काही?"

"सगळे जेपीजी." त्यांनी खरंच त्रेचाळीस ओळी तपासल्या. बँकेत चाळीस वर्षं ताळे जमवलेला माणूस.

नाव बदलण्याची ही युक्ती झिप प्रकारच्या फाइल्सना बऱ्याचदा चालते. नाही चालली किंवा आत रार वगैरे असेल, तर सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत साइटवरून घ्यायचं, फाइलवर राइट क्लिक करायचं आणि 'ओपन आर्काइव्ह' निवडायचं. आत काय आहे ते दिसतं, चालत काहीच नाही. विनरारमध्ये अशी फाइल उघडली तर बाजूला कॉमेंटमध्ये तिच्या आज्ञाही दिसतात, उघडून झाल्यावर अमुक प्रोग्रॅम चालव वगैरे. ती सोय सभ्य इन्स्टॉलर वापरतात आणि चोरही. २०२३ मध्ये क्राउडस्ट्राइकने असा एक नमुना दाखवला होता. आत एक रिकामी टेक्स्ट फाइल, आणि खरा खेळ त्या आज्ञांमध्ये. डबा रिकामा, माणूसच माल!

आणि काहीच उघडलं नाही, कुठल्याच साधनाला यादी दिसली नाही, तर फाइल चालवून बघायची नाही. जिने पाठवली तिला किंवा त्याला फोन करून साधी झिप मागायची. मेलवर उत्तर देऊन नाही, फोन. एक्सप्लोरझिपने मेलचं उत्तर किती विश्वासाचं असतं ते दाखवलंच आहे. अनोळखी फाइल तपासायला व्हायरसटोटलसारखी साइट आहे, पण तिथे चढवलेली फाइल इतर संशोधकांनाही मिळू शकते. ऑफिसची कागदपत्रं किंवा घरचे फोटो तिथे टाकू नका.

प्रामाणिकपणे सांगायचं तर उघडणारं साधनही शंभर टक्के सोवळं नसतं. २०१९ मध्ये चेक पॉइंटच्या संशोधकांनी विनरारमध्ये तब्बल १९ वर्षं दडून बसलेला दोष उघड केला. 'एस' या जुन्या फॉरमॅटची फाइल तुम्ही निवडलेल्या फोल्डरऐवजी थेट विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये माल टाकू शकत होती. विनरारने तो फॉरमॅटच काढून टाकला. २०२३ आणि २०२५ मध्येही विनरारला गंभीर दोष दुरुस्त करावे लागले, आणि सेव्हन-झिपनेही २०२४ च्या शेवटी एक बुजवला. त्यामुळे ही साधनं अद्ययावत ठेवा. पण फरक लक्षात घ्या. साधनात चोराला भगदाड शोधावं लागतं. ईएक्सईला डबल क्लिक करून आपण दारच उघडून देतो.

आणि गंमत अशी की हे दार उघडायची गरज केव्हाच संपलीय. विंडोज मी (२०००) आणि एक्सपी (२००१) पासून झिप उघडायची सोय विंडोजमध्येच आहे. २०२३ पासून विंडोज ११ रार आणि सेव्हन-झेडही उघडतं. मी २००४ मध्ये केलं ते फक्त बाबांच्या विंडोज ९८ साठी. त्यांना एका इन्स्टॉलेशनचा त्रास वाचावा म्हणून मी एक सवय लावून दिली, आणि विंडोज ९८ गेलं तरी ती सवय राहिली. आपल्यातल्या कितीजणांनी घरच्यांना हेच शिकवलंय? 'काही नाही हो, नुसतं डबल क्लिक करा.' आता तेच लोक व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून आलेल्या एपीके दाबतात आणि आपण त्यांच्यावर चिडतो.

दुपारी बाबांनी आजीचा फोटो पाठवला. पुढ्यात करंज्यांचं ताट, हातात कातण, आणि 'हे काय यंत्र आणलंयस' असा चेहरा. व्हॉट्सअ‍ॅपने तो आणखी आवळला होता. पण चालतंय.

त्या ईएक्सईत कॅफेतला व्हायरस होता का? मी तपासलेलं नाही. त्या फोटोंसाठी ते कळायची गरजच पडली नाही. संध्याकाळी बाबांचा परत फोन आला.

"ती सीडी टाकून देऊ का आता?"

"नको, असू दे. फक्त वर मार्करने लिहून ठेवा, डबल क्लिक करू नये."

"ते मी सकाळीच लिहिलंय," बाबा म्हणाले. "आणि खाली तुझं नाव टाकलंय."